सुई, काढा आणि पुरावा

चिनी पारंपरिक वैद्यक म्हटलं की आपल्याकडे आधी सुया आठवतात. चीनमध्ये मात्र या वैद्यकाचा मोठा भाग काढ्यांचा आहे. वैद्याकडे गेलेला माणूस बहुधा औषधांची चिठ्ठी घेऊनच बाहेर पडतो. सुया, शेक, तुंबड्या, मालिश हे सगळं त्याच्या जोडीला. इतके वेगवेगळे उपचार एका नावाखाली येतात आणि मग ‘चिनी औषधाने गुण येतो का?’ असा एकच प्रश्न सरसकट विचारला जातो. त्याला एक उत्तर नाही. मलेरियावरचं आजचं सर्वांत महत्त्वाचं औषध याच परंपरेतल्या एका जुन्या पोथीच्या आधाराने सापडलं, आणि याच परंपरेतल्या काही वनस्पतींनी कितीतरी लोकांची मूत्रपिंडं निकामी केली. त्यामुळे प्रत्येक उपचार सुटा करून, तो कशासाठी आणि कसा वापरला जातो हे पाहूनच तपासायला हवा.

आधी रुग्णाच्या बाजूने पाहू. चीनच्या शहरांत आज चिनी वैद्यकाची स्वतंत्र, मोठी रुग्णालयं आहेत. तिथे एक्स-रे, सीटी स्कॅन, रक्ततपासणी सगळं असतं आणि तिथला डॉक्टर काढ्याबरोबर अँटिबायोटिकही लिहून देऊ शकतो. तपासणीचे पारंपरिक प्रकार चार: निरखणं, आवाज आणि वास टिपणं, विचारपूस करणं आणि हाताने चाचपणं. निरखण्यात जिभेला फार महत्त्व. तिचा रंग, वरचा थर, कडांवर उमटलेले दातांचे ठसे हे सगळं वैद्य बघतो. मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन जागी बोटं ठेवून, आधी हलकी आणि नंतर दाबून, नाडी पाहतो. आपल्याकडची नाडीपरीक्षा ज्यांनी अनुभवली आहे त्यांना हे परकं वाटणार नाही.

निदान रोगाच्या नावावर थांबत नाही. पोटदुखीच्या दोन रुग्णांपैकी एकाची ‘यकृतातली ची पोटावर चढली’ आणि दुसऱ्याची ‘प्लीहेतली ची कमी पडली’ असं ठरू शकतं, आणि मग दोघांना औषधंही वेगळी मिळतात. ‘ची’ म्हणजे शरीरभर वाहणारी प्राणशक्ती, अशी ही कल्पना. रुग्णागणिक औषध बदलण्याचा हा गुण या वैद्यकाचे चाहते अभिमानाने सांगतात. पण संधिवाताच्या एकाच गटातल्या रुग्णांना वेगवेगळ्या चिनी वैद्यांनी स्वतंत्रपणे तपासलं, तेव्हा त्यांची निदानं एकमेकांशी फारशी जुळली नाहीत. निदानच वैद्यागणिक बदलत असेल, तर औषध नेमकं कोणत्या आजारावर चाललं हे ठरवायचं कसं? ही या वैद्यकाची सर्वांत मोठी अडचण आहे आणि तिच्यावर चर्चा फार कमी होते.

चिठ्ठीवर साधारण दहा-पंधरा घटक असतात, प्रत्येकापुढे ग्रॅममध्ये वजन. घटकांची उतरंड जुन्या ग्रंथांत राजा, मंत्री, साहाय्यक आणि दूत अशी लावलेली आहे: मुख्य काम राजाचं, त्याला बळ मंत्र्याचं, दुष्परिणामांना आवर साहाय्यकाचा, आणि सगळ्यांना योग्य जागी पोचवण्याचं काम दूताचं. दूत म्हणून बहुतेक वेळा ज्येष्ठमध येतो. औषधाच्या दुकानात भिंतभर लाकडी खणांचं कपाट असतं. विक्रेता खण ओढतो, छोट्या काट्यावर वजन करतो आणि कागदांवर दर दिवसाचा एक असे ढीग मांडत जातो. घरी नेल्यावर ते मातीच्या भांड्यात अर्धा तास भिजत घालायचं, उकळायचं, गाळायचं, त्याच चोथ्यात पुन्हा पाणी घालून दुसऱ्यांदा उकळायचं आणि दोन्ही काढे एकत्र करून दोन वेळा कोमट प्यायचे. शिंपले आणि खनिजं आधी उकळायची, पुदिन्यासारखी वासाची पानं अगदी शेवटी घालायची. बचनागाच्या कुळातली मुळं आधी बराच वेळ उकळावी लागतात, नाहीतर त्यातलं विष जिवावर बेततं. आता इतका खटाटोप फार थोडी घरं करतात. रुग्णालयातच यंत्रात काढा उकळून बंद पिशव्यांत मिळतो, किंवा गरम पाण्यात विरघळणारे दाणेदार अर्क दिले जातात.

या पद्धतीचं एक जुनं उदाहरण पाहण्यासारखं आहे. इसवी सन २०० च्या सुमारास झांग झोंगजिंग या वैद्याने थंडी-तापावरचा ग्रंथ लिहिला. त्यातला एक काढा दालचिनीच्या कोवळ्या काड्या, पिओनीचं मूळ, आलं, चिनी बोरं आणि ज्येष्ठमध या पाच जिनसांचा आहे. तो घेतल्यावर वर गरम पातळ पेज प्यायची आणि पांघरूण घेऊन हलका घाम येऊ द्यायचा. घाम फार जाऊ द्यायचा नाही, असं ग्रंथ बजावतो. आपल्या आजीने हेच सांगितलं असतं. हा काढा चीनमध्ये, जपानमध्ये आणि तैवानमध्ये आजही लिहून दिला जातो.

परंपरा जुनी आहे, पण ती अखंड आणि एकसंध आहे असं जे सांगितलं जातं ते खरं नाही. ‘हुआंगदी नेइजिंग’ हा मूळ ग्रंथ दोन हजार वर्षांपूर्वीचा. ली शिझेन यांचा ‘बेन्साओ गांगमू’ १५७८ मध्ये पूर्ण झाला. त्यात १८९२ द्रव्यांची नोंद आहे. पुढे १८२२ मध्ये सम्राटाच्या आज्ञेने राजवैद्यकीय संस्थेतून अ‍ॅक्युपंक्चर काढून टाकण्यात आलं. १९२९ मध्ये तर चिनी वैद्यकच मोडीत काढावं असा प्रस्ताव सरकारपुढे आला आणि वैद्यांनी शांघायमध्ये मोठा निषेध केल्यावर तो बारगळला. आज आपण जे पाहतो ते रूप मुख्यतः कम्युनिस्ट सरकारने घडवलं. डॉक्टर अपुरे होते, लोकसंख्या प्रचंड होती. १९५६ मध्ये बेजिंग, शांघाय, ग्वांगझू आणि चेंगदू इथे महाविद्यालयं काढली, पाठ्यपुस्तकं लिहून घेतली, परस्परांशी न जुळणारी घराणी एका अभ्यासक्रमात बसवली. पुढे खेड्यापाड्यांतले ‘अनवाणी डॉक्टर’ एका पेटीत सुया, पाला आणि पेनिसिलिन घेऊन फिरू लागले. या सगळ्याने लाखो लोकांपर्यंत काहीतरी आरोग्यसेवा पोचली, हे मोठं काम आहे. पण त्याच वेळी हे वैद्यक राष्ट्राभिमानाचा विषय बनलं आणि त्याची चिकित्सा करणं अवघड होऊन बसलं.

आता सुया. परंपरेप्रमाणे शरीरात चौदा मुख्य वाहिन्या आणि त्यांवर ३६१ बिंदू आहेत. आजच्या बारीक, लवचीक सुईचं श्रेयही प्राचीन ऋषींना देता येत नाही. १९३०च्या दशकात चेंग दानआन यांनी जाड सुया बाजूला सारून बारीक सुया आणल्या आणि रक्तवाहिन्यांवर पडणारे बिंदू सरकवून घेतले. सुई अगदी बारीक असते. ती टोचून बोटांत हलकी फिरवतात. तेव्हा रुग्णाला जडपणा, मुंग्या किंवा ओढ जाणवते आणि ती खूण चांगली मानतात. मग वीस-तीस मिनिटं सुया तशाच राहतात.

जगभर याची हवा झाली ती १९७१ मध्ये. अमेरिकी पत्रकार जेम्स रेस्टन यांचं बेजिंगमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. सुया टोचून, भूल न देता ऑपरेशन केलं अशी ती कथा पसरली आणि आजही सांगितली जाते. प्रत्यक्षात ऑपरेशन नेहमीच्या भुलीच्या इंजेक्शनाने झालं होतं. नंतर पोट फुगून अस्वस्थ वाटू लागलं तेव्हा कोपराजवळ आणि गुडघ्यांखाली सुया टोचल्या, पोटाजवळ वनौषधीची धुरी धरली आणि आराम वाटला, असं खुद्द रेस्टन यांनी लिहिलं आहे. त्या काळी परदेशी पाहुण्यांना दाखवलेल्या ‘सुयांच्या भुली’च्या ऑपरेशनांतही रुग्ण निवडक असत आणि जोडीला वेदनाशामक औषधं दिली जात.

सुयांचा गुण किती, याचं सर्वांत स्पष्ट चित्र मला जर्मनीतल्या एका अभ्यासात दिसतं. २००७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. जुनाट कंबरदुखीचे ११६२ रुग्ण तीन गटांत वाटले होते. एकाला ग्रंथोक्त बिंदूंवर सुया, दुसऱ्याला मुद्दाम चुकीच्या जागी वरवर टोचलेल्या सुया, तिसऱ्याला औषधं आणि व्यायाम असे नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी पहिल्या गटात ४७.६ टक्के, दुसऱ्यात ४४.२ टक्के आणि तिसऱ्यात २७.४ टक्के रुग्णांना ठळक फरक पडलेला होता. म्हणजे सुयांनी बरं वाटलं, नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त वाटलं. पण सुई कुठे टोचली याने जवळपास काही बिघडलं नाही. वाहिन्या आणि बिंदूंच्या सिद्धान्ताला हा जबर धक्का आहे, आणि तरीही दुखणाऱ्या माणसाच्या दृष्टीने निकाल वाईट नाही. जर्मनीने जुनाट कंबरदुखी आणि गुडघेदुखीसाठी विम्यातून या उपचाराचा खर्च द्यायला सुरुवात केली. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००९ मध्ये कंबरदुखीसाठी शिफारस केली, २०१६ मध्ये मागे घेतली आणि २०२१ मध्ये विशिष्ट प्रकारच्या जुनाट वेदनांसाठी पुन्हा मान्यता दिली. एवढी ओढाताण पुरेशी बोलकी आहे. एकूण पुराव्यावरून माझं मत असं: जुनाट दुखणी आणि ऑपरेशननंतरची मळमळ यांसाठी सुया करून पाहायला हरकत नाही. मधुमेह, वंध्यत्व, पक्षाघात, कर्करोग बरा करण्याचे जे दावे जाहिरातींत दिसतात, त्यांना असा आधार नाही.

या सुईचा आपल्याशी एक धागा आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. ते शल्यचिकित्सक होते. सुयांचं शास्त्र त्यांचं नव्हे. पण त्याच पथकातले डॉ. बिजयकुमार बसू पन्नासच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकून आले आणि कोलकात्यात त्यांनी ते रुजवलं. लुधियानात कोटणीसांच्या नावाने अ‍ॅक्युपंक्चरचं रुग्णालय चालतं. महाराष्ट्रातही या उपचारपद्धतीसाठी २०१५ सालचा वेगळा कायदा आहे, त्यामुळे सुई टोचणाऱ्याकडे नोंदणी आहे का, हे विचारण्याचा आपल्याला पुरता अधिकार आहे.

शेक आणि तुंबड्यांबद्दल थोडक्यात. दवण्याच्या कुळातल्या एका वनस्पतीची वाळवलेली लव कांडीसारखी गुंडाळून पेटवतात आणि बिंदूजवळ धरतात. आडवं किंवा पायाळू मूल फिरावं म्हणून पायाच्या करंगळीजवळ हा शेक देण्याची रीत आहे. १९९८ मध्ये जियांगशी प्रांतातल्या २६० गर्भवतींवरच्या अभ्यासात तिचा चांगला उपयोग दिसला. इटलीत तसाच प्रयत्न झाला तेव्हा तो दिसला नाही. तुंबड्यांची गोष्ट मराठी वाचकाला सांगायला नको. वैदू मंडळी पिढ्यान्‌पिढ्या तुंबडी लावत आली आहेत आणि सुश्रुताच्या रक्तमोक्षणातही ती आहे. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यांवर तिचे लाल-जांभळे गोल वळ दिसले आणि ती एकदम आधुनिक ठरली. आखडलेल्या स्नायूंना तात्पुरता आराम पडतो, याहून जास्त काही पक्कं सांगता येत नाही.

काढ्यांकडे वळलं की मामला गंभीर होतो, कारण तिथे रसायनं आहेत. मलेरियावरचं औषध शोधणाऱ्या तू योयो यांची गोष्ट म्हणूनच तपशिलात सांगायला हवी. व्हिएतनाम युद्धात मलेरियाने सैनिक मरत होते आणि क्लोरोक्विन निष्प्रभ ठरू लागलं होतं. २३ मे १९६७ रोजी चीनने गुप्त संशोधन सुरू केलं. त्या तारखेवरून त्याला ‘प्रकल्प ५२३’ म्हणतात. १९६९ मध्ये तू त्यात आल्या. त्यांच्या गटाने जुन्या पोथ्या आणि वैद्यांकडून दोन हजारांवर नुस्खे जमवले आणि सुमारे दोनशे वनस्पतींचे ३८० अर्क उंदरांवर तपासले. चिंगहाव या रोपाचा अर्क कधी चाले, कधी नाही. मग त्यांना चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या पोथीतली सूचना आठवली: मूठभर चिंगहाव पाण्यात भिजवायचा, पिळायचा आणि रस प्यायचा. उकळण्याचा उल्लेखच नव्हता. उष्णतेने गुण नष्ट होत असेल असं ओळखून त्यांनी सुमारे ३५ अंशांना उकळणाऱ्या इथरमध्ये अर्क काढला. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांच्या रक्तातले मलेरियाचे परजीवी पूर्ण नाहीसे केले. रुग्णांना देण्याआधी तू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अर्क स्वतः पिऊन पाहिला. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. गडचिरोलीत फाल्सिपेरम मलेरिया झालेल्या मुलाला आज जी औषधं देतात, त्यांतलं मुख्य औषध याच अर्कातल्या आर्टेमिसिनिन या द्रव्यापासून बनलेलं आहे.

हा विजय परंपरेचा की प्रयोगशाळेचा, यावर दोन्ही बाजू हक्क सांगतात. मला वाटतं पोथीने दिशा दाखवली आणि ती खरी ठरवली प्रयोगांनी. तपासलेल्या बाकीच्या बहुतेक अर्कांना त्याच चाचणीत असं यश आलं नाही, हेही तेवढंच महत्त्वाचं. त्या वनस्पतीचा चहा पिऊन मलेरियावर उपचार करू नका, असं जागतिक आरोग्य संघटना आजही सांगते. हार्बिनमधली कथाही अशीच. १९७०च्या दशकात तिथल्या डॉक्टरांनी एका गावठी नुस्ख्यातले घटक वेगळे केले आणि त्यातला सोमल, म्हणजे आर्सेनिक, एका विशिष्ट रक्तकर्करोगावर काम करतो हे दाखवलं. पूर्वी झपाट्याने जीव घेणारा हा रोग आता दुसऱ्या एका औषधाच्या जोडीने बहुतेक रुग्णांत बरा होतो.

दुसरी बाजू ब्रसेल्सची. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे वजन घटवण्यासाठी चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेणाऱ्या शंभरावर स्त्रियांची मूत्रपिंडं गेली. एका मुळाच्या जागी अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातलं दुसरंच मूळ मिसळलं गेलं होतं. त्यातलं आम्ल मूत्रपिंड नासवतं आणि मूत्रमार्गाचा कर्करोग घडवतं. तैवानमध्ये अशा वनस्पती रीतसर विम्यातून दिल्या जात होत्या. १९९७ ते २००३ या काळात सुमारे एक तृतीयांश लोकसंख्येला त्या कधी ना कधी लिहून दिल्या गेल्या. शतकानुशतकं वापरात असूनही हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण अपाय उघडा पडायला वर्षं लागतात आणि वैद्याच्या अनुभवात तो दिसतच नाही. ‘इतकी वर्षं लोक घेतायत, काही होत नाही’ हा युक्तिवाद इथे कोसळतो. आपली ईश्वरी ही वेलही त्याच कुळातली आहे आणि तिच्यातही तेच आम्ल असतं, हे आपल्या वैद्यांनी आणि झाडपाल्याचं औषध घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. चीनमध्ये वनस्पतींचे अर्क थेट शिरेतून टोचण्याचीही प्रथा विसाव्या शतकात सुरू झाली. त्यांतलं एक इंजेक्शन तीव्र अ‍ॅलर्जीने मृत्यू झाल्यावर २००६ मध्ये थांबवावं लागलं.

अलीकडच्या दोन घटनांतून पुढची दिशा दिसते. कोविडच्या काळात ‘लिआनहुआ चिंगवेन’ या कॅप्सूल चीनमध्ये सरकारी शिफारशीने वाटल्या गेल्या. २०२२ च्या टाळेबंदीत शांघायमधल्या घरोघरी त्या पोचल्या. त्यांच्या बाजूने दाखवलेल्या मुख्य अभ्यासात तुलनेसाठी आभासी औषधच (प्लासिबो) नव्हतं. उलट ‘तोंगशिनलुओ’ या जळू, विंचू, गोम आणि जिनसेंग असलेल्या औषधाची चाचणी चीनमधल्या १२४ रुग्णालयांत, हृदयविकाराच्या झटक्याच्या पावणेचार हजारांवर रुग्णांवर, आभासी औषधाशी तुलना करून झाली. २०२३ च्या निकालात तीस दिवसांतल्या गंभीर घटना ५.२ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर आलेल्या दिसल्या. हे निकाल चीनबाहेरही तसेच येतात का ते पाहावं लागेल, पण चाचणी करायची ती अशी.

एका गोष्टीबाबत मात्र मला तडजोड मान्य नाही. वाघाचं हाड, गेंड्याचं शिंग, खवले मांजराचे खवले यांची मागणी या वैद्यकाने शतकानुशतकं पोसली. खवले म्हणजे केराटिन, आपल्या नखांतलंच द्रव्य. चीनने २०२० मध्ये ते औषधकोशाच्या यादीतून काढले, तरी तस्करी थांबलेली नाही. तिची झळ कोकणात पोचते. खवल्यांसह माणसं पकडल्याच्या बातम्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातून पुन्हा पुन्हा येतात. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था या मुक्या, लाजऱ्या प्राण्यासाठी गावोगाव काम करते आहे. गाढवाच्या कातड्यापासून केलेल्या शक्तिवर्धक सरसासाठी आफ्रिकेतली गाढवं इतकी मारली गेली की २०२४ मध्ये आफ्रिकी संघाला कातड्यांच्या व्यापारावर बंदी घालावी लागली.

ज्यांना हे उपचार घ्यायचे आहेत त्यांच्यासाठी एवढंच. सुया बंद पाकिटातल्या, तुमच्यासमोर फोडलेल्या आणि एकदाच वापरायच्या असाव्यात. छातीवर खोल टोचू देऊ नका, फुप्फुसाला छिद्र पडल्याची उदाहरणं आहेत. घटक न लिहिलेली पुडी किंवा गोळी घेऊ नका. ज्येष्ठमध फार दिवस घेतला तर रक्तदाब वाढतो आणि दानशेन या मुळामुळे रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा परिणाम धोकादायक वाढू शकतो, म्हणून काय घेता ते आपल्या डॉक्टरांना आधी सांगा. कर्करोग, क्षय, मधुमेह यांची चालू औषधं कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. आणि खवल्यांची विक्री कानावर आली, तर त्याच दिवशी वनखात्याला कळवा.